ओट्यावरची रेंज

मोबाईलचा टॉवर दिसला की हल्ली माझी मान आपोआप खाली जाते. हसायचं तर हसा, पण खरं सांगतेय. जन्मभर शाळेत पोरांना ताठ उभं राहा म्हणून ओरडले आणि आता एका लोखंडी खांबाकडं बघायचीच मला चोरी झालीय. का, ते सांगते. एक मात्र आधीच सांगून ठेवते, यात कुणाचंही नाव येणार नाही. त्यालाही कारण आहे, ते पुढं येईलच.

मी मूळची संगमनेरची. प्राथमिक शिक्षिका म्हणून राजूरला बदली झाली तेव्हा रडत आले होते, आणि निवृत्त झाल्यावर माझा सख्खा भाऊ न्यायला आला तर जायला तयार नव्हते. आमची आळी गावाच्या कडेला, डोंगराच्या अगदी पोटाशी आहे. आमचे हे गेले तेव्हा या आळीनंच मला सांभाळलं. महिनाभर माझी चूल पेटू दिली नाही. रोज कुणाच्या तरी घरून ताट यायचं आणि ताट आणणारी माणसं मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची. अशा माणसांपासून काय लपवायचं असतं, असं मला वाटायचं. पुढचा सगळा घोळ या वाटण्यातून झाला.

आळीला एकच ताप होता, तो म्हणजे रेंजचा. डोंगर असा आडवा आलाय की कुणाच्याच घरात फोन लागत नाही. लागतो तो फक्त माझ्या ओट्यावर, कारण तिथून समोरच्या दोन घरांच्या फटीतून बाजाराकडचा टॉवर दिसतो. त्यामुळं दिवस कलला की आळी माझ्या ओट्यावर. कुणी मेथी निवडतंय, कुणी शेंगा फोडतंय, आणि सगळ्यांचे फोन कठड्यावर ओळीनं मांडलेले. कंपन्यांची नावं आमच्याकडे कुणी घेत नाही. शेजारी दुधाचं संकलन केंद्र चालवणारे एक भाऊ आहेत, ते जे वापरतात ते ‘डेअरीचं कार्ड’. कोपऱ्यावर किराणा दुकान असलेल्या वहिनी आहेत, त्यांचं ते ‘दुकानाचं कार्ड’. आणि माझं ते ‘बाईंचं कार्ड’. कुणी नवा फोन घ्यायला बाजारात गेलं तर खुशाल म्हणतं, “मला बाईंचं कार्ड द्या,” आणि विकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं.

माझा एकुलता एक मुलगा नगरला असतो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, तोंडात अजून नगरच बसलंय. नागापूरच्या एमआयडीसीत तो नोकरी करतो. सूनही तिथंच, दुसऱ्या कारखान्यात, तयार झालेला माल तपासायच्या कामावर. रोज दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. त्याचंही कार्ड बाईंचंच, म्हणजे माझ्याच कंपनीचं. ह्यांनीच दोघांना एका दिवशी घेऊन दिलेलं.

तर तो फोन आला की मी काय करायची? स्पीकर लावायची आणि फोन पितळी पातेल्यात उभा करायची. पातेल्यात आवाज घुमतो, ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मग सगळे बोलायचे. डेअरीचे भाऊ विचारायचे, “काय रं, कारखाना चालू हाय ना?” वहिनी विचारायच्या, “आज काय भाजी केली?” तो लहानपणी यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला, तोही हसून उत्तरं द्यायचा. लग्नानंतर एकदा म्हणाला होता, “आई, जरा स्पीकर बंद कर ना.” मी म्हटलं, “अरे, परकं कोण आहे इथं? सगळी आपलीच माणसं!” पुन्हा तो काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

एका संध्याकाळी बोलता बोलता तो म्हणाला, “थांब, हिला काहीतरी सांगायचंय.” सुनेनं फोन घेतला. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आमच्या ओट्याची रीत तिला कुठून माहीत असणार? हळू आवाजात म्हणाली, “आई, मला दिवस गेलेत. अजून कुणालाच बोललो नाही.” हळूच म्हणाली, पण पातेल्यात घुमलं. ओट्यावर एकच जल्लोष झाला. वहिनी उठून नाचल्या. भाऊ ओरडले, “पेढं, बाई, पेढं!” पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी म्हटलं, लाजली. मला तर इतका आनंद झाला होता की त्या गप्प बसण्याचंही कौतुक वाटलं.

पुढं दीडेक महिन्यानं ते बाळ राहिलं नाही. हाही फोन ओट्यावरच आला, आणि याही वेळी पातेलं तिथंच होतं. आळी रडली, खोटं कशाला सांगू, मनापासून रडली. दोन दिवस कुणाच्या घरी फोडणीचा वास आला नाही. आणि मग सुरू झाले सल्ले. अमुक खाऊ नको, तमुक देवाला जा. वहिनींनी डोंगरातल्या कुणाकडून एक मुळी आणून तिची पुडी एसटीनं पाठवली. मला वाटत होतं, केवढं भाग्य सुनेचं, इतकी माणसं तिच्यासाठी जीव टाकतायत. पुढच्याच महिन्यात मुलानं सावेडीच्या बाजूला, नव्या इमारतीत भाड्याचं घर घेतलं. आणि रोजचा फोन बंद झाला.

बंद म्हणजे मी करायची तर वाजून वाजून थांबायचा. कधी फोनमधली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कारखान्यातून दुपारी त्याचा संदेश यायचा, “घरात रेंजच नाही आई. सगळं काँक्रीट आहे, फोन नुसता वाजतो, बोलणं होत नाही.” मी विचारलं, ते इंटरनेटवरून बोलतात तसं? तर म्हणे, घरात अजून घेतलं नाही. झालं, माझा विश्वास बसला. नुसता बसला नाही, त्याची वकिली सुरू झाली. ओट्यावर कुणी विचारलं, “पोराचा फोन न्हाई आला?” की मी शिक्षिकेच्या थाटात समजावायची. शहरातल्या इमारती कशा असतात, भिंती कशा जाड, खिडक्यांना काचा कशा, लहरी आत कशा शिरत नाहीत. भाऊ म्हणायचे, “मंग आपलं डोंगरातलं बरं!” सगळे हसायचे, मीही हसायची. पण घरात येऊन कडी लावली की जीव तुटायचा. दिवसाचा तेवढाच एक आवाज होता माझ्याकडं.

शेवटी मी म्हटलं, पुरे झालं रडगाणं. रेंज नाही तर ज्या कंपनीची आहे तिचं कार्ड घे की बाबा! त्याला वेळ नसेल तर मी जाऊन तपासते. ओट्यावर बेत जाहीर केला आणि आळीला नुसता हुरूप आला. भाऊ म्हणाले, “माजा जुना फोन न्या, कार्ड हाय त्यात चालू.” वहिनींनी स्वतःचा रोजचा फोन काढून दिला. “दोन दिवस मी बिनफोनाची ऱ्हाईन. पोराचा आवाज आला म्हंजी झालं.” कार्डं काढून न्यावीत अशीही सूचना आली, पण एकदा उपटलेलं कार्ड पुन्हा नीट बसत नाही अशी वहिनींची समजूत. म्हणून माझा धरून तीनही फोन आख्खेच निघाले, प्रत्येक वेगळ्या रुमालात बांधून. मुलाला संदेश टाकला, कार्डं तपासायला येतेय. त्याचं उत्तर आलं, “कशाला दगदग करतेस, दमशील.” मी मनात म्हटलं, दमेन तर दमेन, तुझा प्रश्न सोडवूनच येईन.

एसटीत सारखी पिशवी उघडून बघत होते. संगमनेरला गाडी बदलली, तिथं तिन्ही फोनला रेंज पूर्ण. राहुरीला पूर्ण. कंडक्टरनं तिकीट देताना पिशवीत डोकावून विचारलं, “बाई, दुरुस्तीला चालवले का सगळे?” मी ऐटीत म्हटलं, “नाही, परीक्षेला.” विळद घाट उतरल्यावर कारखान्यांचे पत्रे दिसायला लागले तेव्हा तर माझा ऊर भरून आला. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, हा आनंद म्हातारपणी किती मोठा असतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

दार सुनेनं उघडलं. तिला सुट्टी होती, मुलगा पहिल्या पाळीला गेलेला. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, चहा टाकला. थोडी वाळली होती. मी तब्येतीचं विचारलं तर “बरी आहे” एवढंच म्हणाली. चहा कसाबसा घशाखाली ढकलला आणि मी रुमाल सोडले.

बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तीन फोन मांडले. डेअरीचं, रेंज पूर्ण. दुकानाचं, पूर्ण. मी ओरडलेच, “अगं, इकडं ये! डेअरीचं बघ, सगळ्या काड्या!” ती कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, “हो का.” मी म्हटलं, खिडकीजवळ असेल म्हणून असेल. आतल्या खोलीत गेले, कपाटाच्या आडोशाला फोन धरला, तरी पूर्ण. स्वयंपाकघरात नेला, फ्रिजच्या मागं धरला, एखादी काडी कमी झाली इतकंच. शेवटी, सांगायलाही लाज वाटते, मोरीत गेले, दार लावून घेतलं आणि वहिनींच्या फोनवरून भाऊंच्या फोनला लावला. बाहेर खुर्चीवर तो खणखणीत वाजला. मी मोरीतून बाहेर आले ती जिंकल्यासारखी. “दोन्ही चालतात! उद्याच्या उद्या कार्ड बदलायला सांगते त्याला. म्हणजे ह्या घरात आमचंच तेवढं चालत नाही!”

सुनेचे हात कणकेत थांबले.  मी माझ्याच उत्साहात तिसरा रुमाल सोडला. बाईंचं कार्ड. माझं आणि त्याचं, एकाच कंपनीचं. आता हे कसं नापास होतंय ते सुनेला दाखवावं म्हणून फोन वर धरला, तर ह्यावरही सगळ्या काड्या.

खोली फिरले, मोरीत गेले, पुन्हा कपाटाशी गेले. रेंज हलेचना. आणि तेव्हाच टीव्हीच्या खाली लक्ष गेलं. काळी चपटी डबी, हिरवे दिवे लुकलुकतायत. बँकेत असते तसली, इंटरनेटची. इतका वेळ डोळ्यांसमोर होती.

मी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसले.  मला आधी राग आला नाही. आधी आठवलं ते ओट्यावरचं माझं भाषण. भिंती जाड, काचा, लहरी. कसे हात करकरून सांगत होते मी! आणि मग वाटलं, मेली ही तीन फोनांची पिशवी घेऊन मी गावभर मिरवत आलेय, की माझा मुलगा माझा फोन घेत नाही. भाऊ, वहिनी, कंडक्टर, सगळ्यांना स्वतःहून सांगितलंय. इतकी शरम मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आणि पलीकडं स्वयंपाकघरात ती पोर, आपल्या खोट्याची परीक्षा घेणाऱ्या सासूसाठी कणीक मळत होती.

का घेत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. धीर झाला नाही म्हणा. एवढंच ठरवलं की त्याला उघडं पाडायचं नाही. आई आहे मी, त्याची चोरी पकडायला आलेली फौजदार नाही. गुपचूप फोन पुन्हा रुमालात बांधले. वहिनींचा तेवढा बाहेर खुर्चीवर राहून गेला.

मुलगा आला. पाया पडला, हातपाय धुतले आणि आम्ही ताटावर बसलो. सून पोळ्या लाटत होती, गरम गरम वाढत होती. त्यानं भाताचे गोळे करत, ताटाकडंच बघत विचारलं, “मग? कुठलं कार्ड चालतंय?”

मी म्हटलं, “एकही नाही. तुझंच खरं. ह्या घरात रेंजच नाही.”

त्यानं मान वर केली. तव्यावरची पोळी उलटायची राहिली. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय, आणि तिघांनाही हे ठाऊक होतं की ते तिघांना ठाऊक आहे. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

बोलला तो खुर्चीवरचा फोन. वहिनींचा. त्याला त्यांनी देवीची आरती लावलेली, ती मोठ्यानं सुरू झाली. मी धडपडत उठले. आरती बंद करायची एवढंच डोक्यात, पण हातांना वर्षांची सवय. फोन घेतला आणि बोटानं आपसूक स्पीकर लावला.

“बाई! लागला बगा फोन!” डेअरीच्या भाऊंचा आवाज. मागं आख्ख्या ओट्याची कुजबुज. “कुटं हाय तुमी?”

“घरात,” तोंडातून निघून गेलं.

“घरात? आन् आवाज तर लई मोकळा येतोय! मंग हाय की रेंज!”

“माजं कार्ड लागलं म्हना की!” ह्या वहिनी, मागून पुढं आलेल्या. “आवं बाई, मंग पोराचाच फोन का लागत न्हाई? घेत न्हाई का काय त्यो?” मी स्पीकर बंद करायला बोटानं चाचपत होते, पण परका फोन, घाईत बटण सापडेना. वहिनींचं चालूच. “आन् सूनबाईनं ती मुळीची पुडी घेतली का, इचारा. तिला म्हनावं, आता तरी मशिनीपुढं उबी ऱ्हाऊ नको. न्हाईतर मागच्यावानी व्हईल बगा.”

सुनेनं गॅस बंद केला. हात पुसले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मी फोन तसाच पदरात गुंडाळला, तरी पदरातून “हॅलो, हॅलो” येतच होतं. मुलानं माझ्या हातातून तो घेतला आणि बंद केला.

“हे,” तो म्हणाला. “हेच होतं, आई.”

मी उभीच.

“तिनं तुला सांगितलं होतं. तुला एकटीला. स्वतःच्या आईला सांगायच्या आधी तुला. आळीला नाही.”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, माझी जीभ काही कमी नाही. पण तो दमल्यासारखा बोलत होता. त्या संध्याकाळी सून फोन ठेवून किती वेळ भिंतीकडं तोंड करून बसली होती, ते त्यानं सांगितलं. तिच्या माहेरी ती बातमी राजूरच्याच कुणाकडून तरी फिरत गेली आणि तिची आई तिच्यावर रुसली, तेही सांगितलं. “आणि ते गेलं तेव्हाही तू स्पीकर लावलास. ती माझ्या शेजारीच होती, आई. तिनं सगळं ऐकलं. मशीनपुढं उभी राहत असेल म्हणून झालं, असं तिकडून कुणीतरी म्हणालं.”

“वहिनी म्हणाल्या होत्या,” मी म्हटलं.

“हो. आणि तू काय म्हणालीस?”

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? मी म्हटलं होतं, “मीही तेच सांगत होते, पण हल्लीच्या मुली ऐकतात कुठं.” सांगितलं तर मी सुनेला कधीच काही नव्हतं. ओट्यावर शहाणी दिसावी म्हणून बोलून गेले होते. बोलले आणि मेथीची पुढची जुडी हातात घेतली.

“तूच सांग, मी काय सांगायला हवं होतं तुला?” तो म्हणाला. “स्पीकर बंद कर म्हटलं तर म्हणालीस, परकं कोण आहे. मग रेंज नाही म्हटलं. ते तुला पटलं.”

मला त्या क्षणी जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. इतका वेळ मी त्याच्या खोटेपणाची लाज त्याच्यासाठी पोटात घालत होते, मोठ्या मनाची आई म्हणून. आणि निघालं ते असं. मी जाऊन आतल्या दारावर टकटक केली. माफी मागायची तर कशी मागतात तेही मला सुचेना. शाळेत पोरांना कान धरायला लावायची, तसा माझा हात खरंच कानाकडं गेला. दार उघडलं. तिचे डोळे कोरडेच होते. माझा कानाशी गेलेला हात तिनं बघितला आणि खाली घेतला.

“आई, पोळ्या गार होतायत,” म्हणाली. आणि थोडं थांबून, “ती पुडी मी फेकून दिली. त्यांना सांगू नका.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली. विश्वास ठेवावा का, ते ठरवत होती. त्या बघण्याची टोचणी अजून आहे.

परत येताना तिन्ही रुमाल पिशवीच्या तळाशी घातले आणि एकदाही उघडून बघितलं नाही. आळी वाटच बघत होती. मी ओट्यावर टेकतेय तोच वहिनी म्हणाल्या, “मंग? जिकलं कुनाचं कार्ड?” मला खोटं बोलायचा मोह झाला, पण बोलणार काय, फोनवर सगळ्यांनी ऐकलेलं. म्हणून म्हटलं, “सगळ्यांचीच रेंज येते. त्याच्या घरात काही दोष नाही.”

 मग भाऊ हळूच म्हणाले, “म्हंजी पोरगंच बदललं म्हना.” वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गप्प बसले असते तर आळीनं मला पुन्हा ताटं आणून घातली असती, बिचारी आई म्हणून. ते मला सोसवेना.

“पोरगं नाही बदललं,” मी म्हटलं. “मी चुकले. त्या दोघांचं खासगी बोलणं मी पातेल्यात वाजवलं. आता फोन आला तर मी कानाला लावून बोलणार आहे. स्पीकर नाही.”

“आमी काय परकं हाय व्हय, बाई?” वहिनी म्हणाल्या. माझंच वाक्य, त्यांच्या तोंडून. त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला, आपला फोन पदरानं पुसून बघितला आणि घरी गेल्या. चारपाच दिवस ओट्यावर आल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं, आणि वाटणारच. दोष त्यांचा नव्हताच. ज्या माणसांनी मला घास घातले, त्यांना ओट्यावरून उठवल्यासारखं झालं, ही लाज वेगळी. एका बाजूची पुसायला जावं तर दुसऱ्या बाजूला लागते.

पातेलं आत फडताळात ठेवलं. फोनसाठी दुसरी जागा नाही, ओटाच. मग कितीतरी दिवसांनी, दिवेलागणीला, फोन वाजला. मुलाचा. आळी जमलेली होती, वहिनीही आलेल्या. मी फोन कानाला लावला तसे सगळे एकदम शेंगा फोडायला लागले. फोडलेल्याच टरफलांना पुन्हा फोडत होते बिचारे, पण मान कुणी वर केली नाही.

“आई, स्पीकर बंद आहे ना?” हे त्याचं पहिलं वाक्य. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

“बंद आहे रे.”

अजूनही तो दर वेळी आधी तेच विचारतो. मी दर वेळी उत्तर देते. त्यानं ते विचारणं भागच आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा सुनेला विचारलं. ओटा रिकामा बघून फोन केला आणि, कानाला लावून, सगळं वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, “लिहा. पुडीचंही राहू द्या. फक्त नाव नको, कुणाचंच.” म्हणून नाव नाही.

मग म्हणाली, “आणि आई, एक सांगायचं होतं. स्पीकर बंद आहे ना?” मी ओट्याच्या टोकाला गेले, भिंतीकडं तोंड केलं आणि फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. ती बोलली. 

वळले तर वहिनी शेंगांची पाटी घेऊन येऊन बसलेल्या, बघत होत्या. न राहवून त्यांनी विचारलंच, “काय म्हनली वो सूनबाई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “जेवलात का, विचारत होती.” वहिनींना ते खोटं आहे हे कळलं, आणि त्यांनी मुकाट्यानं शेंगांची पाटी माझ्याकडं सरकवली. ती काय म्हणाली ते मी इथंही लिहिणार नाही.